अनुभव धागा : ब्रेक्झिटनंतरची रांग

२०१५ च्या मे महिन्यात आईला घेऊन बार्सिलोनाला गेलो होतो. माझा मरून रंगाचा ब्रिटिश पासपोर्ट तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत केला होता, आणि तो परत करताना पोटात काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. विमानतळावर दोन पाट्या होत्या. एक युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी, दुसरी ‘सर्व पासपोर्ट’. आईला दुसऱ्या रांगेत उभं करून मी पहिलीकडे वळलो. पाच मिनिटांत पलीकडे. आई पन्नास मिनिटांनी आली. व्हिसा, विमा, हॉटेलचं बुकिंग, माझं पत्र, असं सगळं भरलेलं प्लास्टिकचं फोल्डर तिने छातीशी धरलं होतं. तिला इंग्रजी बोलायची सवय नाही. मी काचेआडून बघत होतो. तिच्याबरोबर तिच्याच रांगेत उभं राहावं हे मला सुचलंच नाही, आणि ते आजही खुपतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २३ जून २०१६ चं सार्वमत, ५१.९ टक्के युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर, आणि त्या वर्षअखेर, जुनेच नियम चालू होते तो संक्रमणकाळही संपला. १ जानेवारी २०२१ पासून माझी रांग आईचीच रांग झाली. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा, पानावर शिक्का, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे का. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो सुरू झाला आहे.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन पुन्हा तिथेच जातो आहे. त्याआधी इथल्या मंडळींचे अनुभव ऐकायचे आहेत. मतदान कोणाचं बरोबर हा वाद नको. रांगेत तुमचं काय झालं ते लिहा.

*

स्विंडनहून

माझं मूळ घर डिचोलीचं. वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात जन्मले. त्यामुळे लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात त्यांची आणि मग माझी जन्मनोंद झाली आणि मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. स्विंडनमध्ये असे गोंयकार इतके आहेत की बसथांब्यावर कोंकणी कानावर पडली तर कोणी मान वळवून बघत नाही. मी गोदामात रात्रपाळी करतो.

सार्वमताच्या वेळी माझा शेजारी अकोल्याचा होता. कामाच्या व्हिसावर येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून त्याला मत होतं. मी अकरा वर्षं इथे कर भरत होतो, पण माझा पासपोर्ट पोर्तुगीज, म्हणून मला नव्हतं. तो मला विचारायला आला, “दादा, तुम्ही सांगा, तुमच्यासाठी मी कुठे शिक्का मारू?” मी त्याचा तो प्रश्न कधी विसरणार नाही.

३० जून २०२१ च्या मुदतीआधी मी वास्तव्याचा अर्ज केला, हक्क मिळाला. पण हातात कार्ड नाही, कागद नाही, सगळं सरकारी संगणकात. बायकोचा पासपोर्ट भारतीय आहे, तिचंही तसंच. गेल्या वर्षी गोव्याहून परतताना विमान कंपनीच्या काउंटरवर तिला अर्धा तास उभं केलं, कारण कार्ड दाखवा म्हणत होते आणि कार्ड आता नसतंच. तेव्हापासून ती निघण्याआधी त्या ऑनलाइन नोंदीचा कोड काढून कागदावर छापून ठेवते.

मुलगा इथे जन्मला, त्याचा पासपोर्ट ब्रिटिश. म्हणजे एका घरात तीन देश. स्पेनला गेलो तेव्हा मी संघाच्या रांगेत जाऊ की या दोघांबरोबर मागे राहू, असा विचार करत उभा होतो. अधिकारीबाईंनी तिघांनाही हात करून बोलावलं. संघाचा नागरिक कुटुंबासह प्रवास करत असेल तर कुटुंब त्याच्याबरोबर त्याच रांगेत येऊ शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बायकोचा व्हिसाही या नात्यामुळे फुकट होतो. ज्यांच्या घरी असे मिश्र पासपोर्ट आहेत त्यांनी लग्नाचा दाखला जवळ ठेवावा.

उलट्या बाजूचंही सांगतो. माझा चुलतभाऊ लिस्बनला असतो. आधी नुसतं ओळखपत्र खिशात घालून यायचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून पासपोर्ट लागायला लागला आणि २ एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन प्रवास परवानगीही. त्याची फी आठवड्यातच दहाची सोळा पौंड झाली. रक्कम मोठी नाही. पण वडिलांचं वर्षश्राद्ध होतं आणि तो म्हणाला, “आता तुझ्याकडे यायलाही अर्ज करावा लागतो रे.”

*

बर्मिंगहॅमहून, वरच्या दादांना उत्तर

आमच्या घरी याच्या नेमकं उलटं झालं. नवरा ब्रिटिश, मी भारतीय पासपोर्टवर. २०२० संपेपर्यंत त्याच्याबरोबर फ्रान्सला जायचं तर मला व्हिसा फुकट मिळायचा, बँकेचे कागद मागत नसत. संक्रमणकाळ संपला त्या दिवशी माझा तो हक्कही गेला. आता ९० युरो, तीन महिन्यांची बँकेची स्टेटमेंटं, नोकरीचं पत्र आणि तारीख मिळण्यासाठी पहाटे उठून संकेतस्थळ उघडणं. गेल्या उन्हाळ्यात तारीख मिळालीच नाही. तो आणि मुली गेल्या, मी घरी राहिले. लोक म्हणतात बाहेर पडल्याने ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं नुकसान झालं. त्यांच्या बायकांचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

*

लेस्टरहून

२०२३ ची ईस्टरची सुट्टी. ३१ मार्चला शाळा सुटल्या आणि त्याच संध्याकाळी आमचा कोच पॅरिसकडे निघाला. अठ्ठेचाळीस माणसं, बरीचशी मराठी आणि गुजराती कुटुंबं, सोबत दोन आज्या. डोव्हरच्या अलीकडे रात्री कोच थांबला तो थांबलाच.

ज्यांनी हा रस्ता केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्रेंच पोलीस तुमचे पासपोर्ट फ्रान्समध्ये नाही, डोव्हरलाच तपासतात. बोटीत चढण्याआधी. तसा दोन देशांमधला करार आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हतं, त्यामुळे पासपोर्ट आधीही दाखवावा लागायचा. पण तेव्हा बघितला न बघितला करून पुढे पाठवत. आता प्रत्येक पासपोर्ट उघडायचा, चेहरा बघायचा, आधीचे शिक्के मोजायचे, मोकळी जागा शोधून नवा शिक्का मारायचा. माणशी एकच मिनिट धरा. एका खिडकीवर आमच्या एका कोचला पाऊण तास. आणि त्या रात्री आमच्यापुढे किती कोच होते ते वळणावरून दिसतच नव्हतं, नुसते लाल दिवे. समुद्र खवळलेला होता, बोटींना उशीर होत होता, तेही खरं. पण मोटारीत चार माणसं असतात आणि कोचमध्ये पन्नास, आणि सुट्टीच्या पहिल्या रात्री सगळे कोच एकदम येणार हे कोणालाच कळू नये?

आम्ही अकरा तास काढले. आमच्या मागचे काही चौदा. कोचमधलं स्वच्छतागृह पहाटे दोनला भरलं. त्यानंतरचं लिहीत नाही. एका आजींना मधुमेह आहे, त्यांच्या सुनेने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. ती सगळ्या कोचला एकेक घास पुरवली. मुलं रडून रडून झोपली. ड्रायव्हर पोलंडचा होता. त्याची कायद्याने ठरलेली तासांची मर्यादा संपली तेव्हा तो हात जोडून म्हणाला की आता मला गाडी हलवता येणार नाही, बदली येईपर्यंत थांबा. त्याच्यावर ओरडणारे होते आमच्यात. मला त्याची अजून लाज वाटते.

सकाळी खिडकीपर्यंत पोहोचलो तेव्हा माझा शिक्का मारायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघितलं. चाळीस सेकंद.

*

केंटमधून

डोव्हरच्या रांगेचा दुसरा भाग आमच्या वाट्याला येतो. बंदर तुंबलं की मोटरवेवर मालमोटारी उभ्या करून ठेवतात, त्याला ‘ऑपरेशन ब्रॉक’ म्हणतात, आणि मग आमची शाळा, दवाखाना, वाणसामान सगळं गावातल्या अरुंद रस्त्यांवर. डिसेंबर २०२० मध्ये फ्रान्सने सीमा बंद केली तेव्हा हजारो मालमोटारी मॅन्स्टनच्या जुन्या धावपट्टीवर अडकल्या होत्या. ते ब्रेक्झिटमुळे नव्हतं, करोनाच्या नव्या प्रकारामुळे होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सीमा बंद होते म्हणजे काय होतं ते तेव्हा दिसलं. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वारातून ड्रायव्हरांसाठी गरम जेवण आलं. नाताळ दोन-तीन दिवसांवर होता.

आमच्या अ‍ॅशफर्डच्या स्टेशनच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे. पॅरिसची गाडी तिथे २०२० पासून थांबत नाही. आधी कारण करोना होतं. नंतरच्या कारणांत वाढलेल्या सीमातपासणीचंही नाव आलं. घरातून गाडीचा आवाज येतो. ती पकडायला मात्र आम्ही उलटं लंडनला जातो.

*

एडिंबराहून

माझा अनुभव छोटा आहे, पण एखाद्याची सुट्टी वाचेल म्हणून लिहिते. २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटिश पासपोर्ट लवकर नवा केला तर जुन्याचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात घालून देत. म्हणजे पासपोर्ट दहा वर्षं नऊ महिन्यांचासुद्धा असे. युरोपीय संघाचा नियम वेगळा. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट काढून दहा वर्षं झालेली नकोत, आणि परतीच्या दिवसापुढे तीन महिने शिल्लक हवेत. माझा ऑगस्ट २०१३ चा. मुदत मे २०२४ पर्यंत छापलेली. सप्टेंबर २०२३ मध्ये इटलीला निघालो तर काउंटरवरच अडवलं. मुदत स्पष्ट लिहिलेली दिसत होती, मी तीच बोट ठेवून दाखवत राहिले. नवरा आणि मुलगा गेले नाहीत, तिघंही परतलो. मुलगा टॅक्सीत म्हणाला, “आई, तू काही चुकीचं केलं नाहीस.” संपण्याची तारीख नका बघू. काढल्याची तारीख बघा.

*

बेलफास्टहून

मी मूळची सांगलीची, इथे नर्स आहे. तुम्हा सगळ्यांकडे रांग तरी आहे. माझ्याकडे सीमा आहे आणि रांग नाही. ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातलं आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे, आणि तिच्यावर ना फाटक, ना खिडकी, ना माणूस. बाहेर पडण्याच्या वाटाघाटीत हीच सीमा सगळ्यात अवघड ठरली होती. ती उघडी राहावी म्हणूनच मालाची तपासणी उत्तर आयर्लंड आणि बाकीच्या ब्रिटनमधल्या समुद्रावर नेली. सीमा कळते ती रस्त्याच्या कडेची पट्टी पांढऱ्याची पिवळी होते तेव्हा, आणि वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर होतात तेव्हा.

वॉर्डातल्या ब्रिटिश आणि आयरिश मैत्रिणी शनिवारी जेवायलासुद्धा पलीकडे जातात. मला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. हे ब्रेक्झिटच्या आधीही होतंच, पण आधी मला वाटायचं की कधीतरी हे सगळं एकच होईल. आता ते मनातून गेलं. अडवायला कोणी नाही, तरी मी जात नाही. कधी कधी बस थांबवून कागद बघतात, आणि माझं इथलं राहणं त्या एका कागदावर आहे.

सुट्टीच्या दिवशी वॉरनपॉइंटला जाऊन बसते. समोर खाडीपलीकडे ओमीथची घरं दिसतात, वाळत घातलेले कपडेसुद्धा. फोनवर संदेश येतो, ‘आयर्लंडमध्ये स्वागत’. जवळच नॅरो वॉटरला २०२४ मध्ये पुलाचं काम सुरू झालं आहे. तो पूल झाला की चालत पाच मिनिटं. माझ्या नागरिकत्वाला अजून अडीच वर्षं.

*

साउथहॉलहून

दिवाळीला पॅरिसला बहिणीकडे फराळ नेला होता. चकल्या आणि शेव गेली. साजूक तूप, पेढे आणि खव्याच्या करंज्या ठेवून घेतल्या. २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, स्वतःपुरतेही नाहीत. अधिकारी सभ्य होता, प्रत्येक डबा उघडून “हे काय” असं विचारून घेतलं. करंज्या पिंपात टाकताना त्यालाही बरं वाटत नव्हतं. एप्रिल २०२५ पासून लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे उलट दिशेनेही बंदी आहे. तिकडून चीज आणू नका.

*

धागा काढणाऱ्याकडून

परवा जाऊन आलो. सगळ्यांचं वाचून गेलो होतो, त्यामुळे पासपोर्ट काढल्याची तारीख तीनदा तपासली आणि आईच्या पिशवीतले पेढे घरीच ठेवले.

या वेळी एकाच रांगेत उभे राहिलो. तासभर. आई आता एकोणऐंशीची. फोल्डर तेच. मी मागितलं तर देईना, “माझे कागद माझ्याजवळ राहू देत” म्हणाली. मी नियम वाचून ठेवले होते, तिला यंत्रावर बोटं कशी ठेवायची ते सांगत होतो, तिची बोटं भाकऱ्या थापून झिजलेली, ठसे उमटतील का याची धास्ती.

तिची पाळी आधी आली. अधिकाऱ्याने व्हिसा बघितला, चेहऱ्याचा फोटो घेतला आणि जा म्हणाला. तिचे ठसे व्हिसा देतानाच घेतलेले होते, ते त्यांच्याकडे होते. मग माझा निळा पासपोर्ट उघडला. माझं काहीच नव्हतं त्यांच्याकडे. उजव्या हाताची चार बोटं ठेवा. उमटले नाहीत. पुसून पुन्हा ठेवा. मग बाजूला थांबा, दुसऱ्या यंत्रावर घेऊ.

आई पलीकडे जाऊन उभी राहिली होती. तिथले लोक तिला पुढे चला म्हणून खुणावत होते. ती हलली नाही. मला दिसेल अशा जागी, खांबाच्या या बाजूला येऊन उभी राहिली आणि फोल्डर असलेला हात वर केला.