बेंच ग्राइंडरवर चेनसॉच्या चेनला धार लावता येते का?

बागायतदार: घरी ६ इंची बेंच ग्राइंडर नुसता पडून आहे, त्यावर चेनला धार लावली तर चालेल का? फाईल घासत बसायचा वैताग येतो राव, बाभूळ कापली की चेन लगेच बोथट.

रानवाटा: नका लावू. तो जाड दगड दाताच्या खाचेत शिरतच नाही, चेनच्या ग्राइंडरला ३.२ मिमीचा पातळ दगड असतो न् कोन सेट करता येतो, बहुतेक चेनला ३० अंश. त्यावरपण दाबून धरायचं नाही, टेकवायचं न् उचलायचं, दात निळा पडला की पाणी उतरलंच समजा, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला.

जुना फिटर: चेनची पिच, म्हणजे कड्यांमधलं अंतर, .३२५ इंच असेल तर ४.८ मिमीची गोल फाईल घ्या, आतून बाहेर, एकाच दिशेने. दात सारखे ठेवा, नाहीतर कट तिरका जातो.