मदत हवी आहे: शेकोटीच्या धुराड्याची सफाई

महाबळेश्वरजवळच्या आमच्या जुन्या घरात भिंतीतली लाकडाची शेकोटी असून तिचे ६ इंची पत्र्याचे धुराडे छतातून १४ फूट वर जाते. गेल्या हिवाळ्यात वादळात पडलेल्या जांभळीचे नीट न वाळलेले लाकूड जाळल्यामुळे आत नुसती काजळी नव्हे, तर डांबरासारखा काळा, चकचकीत थर बसला आहे, जो नखाने खरवडतही नाही. हा थर पेटला तर धुराड्यालाच आग लागते. म्हणून आई थंडीने कुडकुडत असूनही मी शेकोटी बंद ठेवली आहे. तारेचा गोल ब्रश वरून दोरीने सोडावा, की खालून काठीने ढकलावा? पत्रा न फाटता हा थर कशाने सुटेल? वाई-साताऱ्याकडे हे काम जबाबदारीने करणारा कारागीर कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.