अनुभव धागा: तत्त्वज्ञानानंतर कायद्याकडे का वळलात?

तत्त्वज्ञानात बीए झालंय, आता तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी देतोय. घरचे विचारतात, कशाला? अरुणा शानबाग खटल्यामुळे. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेला मरू द्यावं, अशी याचिका होती. इच्छामरणावर आम्ही वर्गात तावातावाने भांडलो आणि पेपरात दोन्ही बाजू लिहून मार्क घेतले. सर्वोच्च न्यायालयाला 2011 मध्ये ती चैन परवडणारी नव्हती. केईएमचे कर्मचारी अरुणाताईंना जपत होते, म्हणून याचिका फेटाळली. पण निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरू देण्याला, वाट दिली, तीही उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून. का, तर नातेवाइकांचा डोळा इस्टेटीवर असू शकतो! आमच्या एकाही टिपणात हा मुद्दा नव्हता. तुमचं काय? कमाईचं नंतर बोलू.

*

कमाईचंच आधी. ज्युनियरला सीनियर देईल ते खरं, माझी बरीच वर्षं घरच्यांच्या जिवावर गेली. तालुका कोर्टात आहे. वाटणीचे दावे, फेरफार, बांधाची भांडणं. पण तत्त्वज्ञान कामी येतं हो, विशेषतः उलटतपासणीत. एक साक्षीदार छातीठोकपणे म्हणाला, "बांध माझ्यासमोर फोडला." कुठे उभे होतात? गोठ्यात. गोठ्यातून बांध दिसतो? "नाही, पण पोरानं येऊन सांगितलं ना." प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं) आणि शब्द (दुसऱ्यानं सांगितलेलं) ही ज्ञानाची दोन वेगळी साधनं, म्हणजे प्रमाणं, हे न्यायदर्शनात, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, घोकलं होतं. त्या गृहस्थांना मात्र ऐकलेलंही पाहिल्यासारखंच वाटत होतं, खोटं बोलत नव्हते बिचारे.

*

मी मीमांसेतून, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातून आले. अर्थ ठरवायची तिथली सहा साधनं: श्रुती (थेट शब्द), लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. दोघांत विरोध आला तर आधीचं बलवान. म्हणजे स्पष्ट शब्द असेल तर ओढूनताणून काढलेला अर्थ मागे. कायद्याच्या कलमाचा अर्थ लावतानाही सुरुवात इथूनच होते. पां. वा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करता करता धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते, यात मला तरी नवल वाटत नाही.

*

मी एलएलबी मधेच सोडलं. ज्युरिस्प्रुडन्स, म्हणजे कायद्यामागचं तत्त्वज्ञान, सोडून सगळं पाठांतर वाटलं. त्यात भारतीय दंड संहिता घोकली आणि 1 जुलै 2024 ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू. खुनाच्या शिक्षेचं कलम 302 गेलं, 103 आलं. धागाकर्त्या, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग आहे का ते माहितीपुस्तिकेत बघ. नसेल तर एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.