मुंबईच्या जुन्या इमारतींमागचे आर्किटेक्ट कोण?

प्रश्न: फोर्टात फिरताना नेहमी वाटतं की एवढ्या भारी इमारती साधारण एकाच काळात कशा उभ्या राहिल्या? आणि सगळं गोऱ्या साहेबांनीच केलं की आपलीही माणसं होती?

उत्तर १: आधी पैसा बघा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले, त्यामुळे जागाही मोकळी झाली. राजाबाई टॉवर बघा, पैसे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं, डिझाइन गिल्बर्ट स्कॉटचं आणि हा माणूस मुंबईत कधी आलाच नाही, लंडनमधूनच नकाशे पाठवले!

उत्तर २: आपली माणसं होती की! व्हीटीचं (आताचं सीएसएमटी स्टेशन) डिझाइन स्टीव्हन्सचं, पण त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य इंजिनीअर होते, आणि ती पानंफुलं, प्राणी, सगळं कोरीव काम जेजे कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. मला तर घुमटापेक्षा तेच जास्त आवडतं, जवळ जाऊन निवांत बघा. पाटीवर मात्र बहुतेक वेळा साहेबाचंच नाव, याचं खरंच वाईट वाटतं.

उत्तर ३: आर्किटेक्ट जॉर्ज विटेटला विसरू नका, गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) दोन्ही त्याचंच. टोकदार कमानींची युरोपीय गॉथिक शैली सोडून तो विजापूरच्या घुमटांकडे वळला. गेटवेची कोनशिला १९१३ची, काम संपलं १९२४ला.