पांढऱ्या बंपरवरची काजळी आणि सायलेन्सरचं काळं पडलेलं टोक

तिसरा_गिअर:
मंडळी, गाडी पांढरी, इंजिन पेट्रोल टर्बो. मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्यात, सायलेन्सरच्या तोंडाच्या बरोबर वर, तळहाताएवढा करडा-पिवळट पट्टा उमटलाय. शाम्पूने धुतला की फिका वाटतो, वाळला की होता तसा. सायलेन्सरचं टोक क्रोमचं चकचकीत होतं. ते आतून पार काळं झालंय आणि बाहेरच्या कडेला सोनेरी-निळसर झाक आलीय. बंपरचा खालचा भाग न रंगवलेल्या, खरखरीत काळ्या प्लास्टिकचा आहे, तिथेही थर बसलाय.
आतापर्यंत मिळालेले सल्ले: टूथपेस्ट, रॉकेल आणि भांड्यांची तारेची घासणी. तिन्हींची भीती वाटते. ही गाडी मला अजून बरीच वर्षं ठेवायची आहे. नीट पद्धत कोणी सांगेल का?

वायपर_ब्लेड:
तिन्ही नको! टूथपेस्टमधली घासणारी पूड दातांसाठी असते, आणि दाताचं कवच गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. रॉकेलचा तेलकट पापुद्रा मागे राहतो, त्यावर नवी काजळी आणखी पटकन बसते. बाकी 'पाना_सोळा' सांगतील, त्यांचं रोजचं काम आहे.

पाना_सोळा:
काहीही लावण्याआधी काजळी कसली आहे ते बघा. गाडी पूर्ण गार असताना, हातमोजा घालून, सायलेन्सरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला कोरडी भुकटी लागली तर तो बहुतेक निव्वळ कार्बन. चोळल्यावर काळं मलम झालं तर त्यात ऑइल किंवा न जळालेलं इंधन आहे. कोरडी काजळी साबणपाण्याने बरीचशी सुटते. तेलकट काजळी साबणाला दाद देत नाही, मग माणूस जोर लावतो आणि तेच कण रंगावर घासत बसतो. पांढऱ्या गाडीवर ते ओरखडे लगेच दिसतही नाहीत, ऊन तिरपं पडलं की दिसतात.
हातमोजा उगाच सांगत नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली स्पष्ट केलंय. तुमची गाडी पेट्रोलची असली तरी काजळी उघड्या हाताने चोळायची वस्तू नाही.

आता बंपर. गाडी सावलीत, पत्रा आणि सायलेन्सर दोन्ही गार. आधी नुसत्या पाण्याची धार, मग गाडीचा शाम्पू. त्यानंतर टार रिमूव्हर (डांबराचे चिकट डाग विरघळवणारा द्रव) फडक्यावर घेऊन डागावर दाबून ठेवा. चोळू नका. मिनिटभरात डाग फडक्यात उतरायला लागेल. फडक्याची बाजू बदला, पुन्हा दाबा. द्रव रंगावर वाळू द्यायचा नाही, लगेच धुवायचा. हे द्रव बहुतेक ज्वलनशील असतात, म्हणूनच सायलेन्सर गार हवा. सायलेन्सरला वापरलेलं फडकं रंगाला पुन्हा कधीही लावू नका, धुतलेलं असलं तरी. माझ्याकडे त्यांचा रंगच वेगळा ठेवलेला असतो.
धुवून झालं की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून त्या भागावरून हात फिरवा. उघड्या बोटांना न कळणारा खरबरीतपणा पिशवीतून साफ जाणवतो. जाणवला तर भरपूर साबणपाणी मारून क्ले बार (रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवा. त्यानंतरही पिवळसर झाक राहिली तरच बारीक पॉलिश, तेही हाताने. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. प्रत्येक पॉलिश त्यातलंच थोडं खाऊन जातं. शेवटी वॅक्स लावाच, कारण टार रिमूव्हर आणि क्लेने जुनं वॅक्स गेलेलं असतं.

सायलेन्सरच्या टोकावर खरंच क्रोम असेल तर तो चकचकीत थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. तारेची घासणी तो फाडून खाली जाते आणि मग गंज धरतो. आधी डिग्रीजर (तेलकटपणा काढणारा द्रव) आणि जुना टूथब्रश. त्यानेही न निघालेल्या काळ्या डागांवर अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हळू घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे क्रोमवर रेघा उमटत नाहीत. टोक स्टेनलेस स्टीलचं असेल तर चार शून्य ग्रेडची बारीक स्टील वूल आणि मेटल पॉलिश चालतं, फक्त धातूच्या रेषांच्या दिशेने. काळा रंग दिलेलं टोक असेल तर साबणापलीकडे काही नको. आणि चाकांसाठीचं अॅसिडवालं क्लीनर कशालाच नको.
ती सोनेरी-निळी झाक म्हणजे मळ नव्हे. धातू तापून वर ऑक्साइडचा थर वाढतो आणि त्यातून प्रकाशाचे रंग दिसतात. पॉलिशने जाते, गाडी तापली की परत येते. मी तिच्या मागे लागत नाही.

वायपर_ब्लेड:
खालच्या काळ्या प्लास्टिकवर वॅक्स किंवा पॉलिश जाऊ देऊ नका. खरखरीत भागात पांढरं अडकतं आणि काढता काढता जीव जातो. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात, मऊ ब्रश, बास.

जुनं_डिझेल:
माझी एक शंका. माझ्या डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) आहे, तरी हल्ली सायलेन्सर आतून काळा व्हायला लागलाय. धुवून टाकू का?

पाना_सोळा:
धुवा, पण आधी गाडी दाखवा. डीपीएफचं कामच काजळी अडवायचं आहे. तो शाबूत असेल तर सायलेन्सर आतून जवळजवळ स्वच्छ राहतो. नव्याने काळा होत असेल तर फिल्टरला तडा गेलेला असू शकतो, कोणी आतून पोकळ केलेला असू शकतो.
तिसरा_गिअर, तुमच्या गाडीत काळं टोक बिघाडाचं लक्षण असेलच असं नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात काही थेंब पिस्टनवर बसतात आणि नीट जळत नाहीत. इंजिन गार असताना पेट्रोलही जास्त सोडलं जातं. गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर काजळी वाढणारच. शिवाय लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गार सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब होतात आणि काजळी घेऊन बाहेर उडतात. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे धूरही बंपरकडेच ओढला जातो.

तिसरा_गिअर:
मनापासून धन्यवाद. काजळी कोरडी निघाली. टार रिमूव्हर दाबून ठेवल्यावर करडा भाग जवळजवळ सगळा गेला, बघून फार बरं वाटलं. क्रोमही फॉइलने छान झालं. पण सायलेन्सरच्या अगदी वर दोन बोटं रुंद पिवळा भाग तसाच आहे, क्ले आणि पॉलिश करूनही. हाताला किंचित उंचसखल लागतो.

पाना_सोळा:
थांबा, आता पॉलिश करू नका. तो डाग नाही, रंग तापून पिवळा पडलाय आणि खालचं प्लास्टिक नरम झालंय. मागे बसून बघा: सायलेन्सर आणि बंपरमधली फट सगळीकडून सारखी आहे का?

तिसरा_गिअर:
नाही! वरच्या बाजूला जेमतेम बोट जातं, खाली दोन-तीन बोटं. धक्का दिला की पाइप हलतोही.

पाना_सोळा:
मग सायलेन्सर टांगणारं रबर फाटलंय किंवा हुकातून सुटलंय. वाहनाखाली जॅकवर स्वतः जाऊ नका, रॅम्पवर घेऊन दाखवा. रबर छोटा भाग आहे, पटकन बदलतात. त्याच वेळी मागच्या जोडातून धूर गळतोय का तेही बघायला सांगा. जोडाभोवती काजळीची रेघ असली की समजायचं. भाजलेला तुकडा रंगवायचा असेल तर हे सगळं झाल्यावर रंगवा, नाहीतर नवा रंगही तिथेच पिवळा पडेल.