शॉर्टफिल्म महोत्सवात 'उत्कृष्ट छायाचित्रण' कुणाला द्यायचं?

कॉलेजरोड_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या कॉलेज रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे, कामं जास्त करून लग्नाची. इथल्या एका कॉलेजने शॉर्टफिल्म महोत्सवात मला परीक्षक म्हणून बसवलंय. बाकी बक्षिसं चहा संपायच्या आत ठरली, छायाचित्रणाचं मात्र अडून बसलंय.

एक फिल्म सगळी ड्रोन आणि गिंबलवर (कॅमेरा हलू न देणारा दांडा). गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, द्राक्षबागा, अंजनेरीवर उतरलेले ढग. देखणी आहे, नाही म्हणत नाही. दुसरी पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, मोबाइलवर काढलेली. आई, शिकायला परगावी निघालेली मुलगी आणि एक दुपार, बस्स. सोबतचे दोघे परीक्षक पहिलीवर फिदा आहेत. माझं मन दुसरीकडे ओढतंय, पण 'मला आवडली' एवढ्यावर मीटिंगमध्ये कोण ऐकतंय? मोठ्या महोत्सवांत नेमकं काय बघतात? जाणकारांनी सांगा.

मिसळ_आणि_मॅटिनी

पहिलीचं बक्षीस जलसंपदा खात्याला द्या, धरण त्यांचं आहे.

गंमत सोडा, पण ड्रोनची परवानगी होती का तेवढं विचारा. इकडे देवळालीचा तोफखाना, तिकडे ओझरचा विमानतळ.

लाइटमन_नाशिकरोड

भाऊ, मी कॅमेरामन नाही. मुंबईत सिनेमाच्या लाइट खात्यात उमेदीची वर्षं गेली, आता घरी असतो. पण कॅमेरामन कशावर रात्रभर डोकं फोडतो ते खालून, स्टँड धरून पाहिलंय.

आधी दोन्ही फिल्म आवाज बंद करून बघा. म्युझिक काढलं की निम्मे ड्रोन शॉट जमिनीवर येतात.

मग उजेड कुठून येतोय ते शोधा. आम्ही त्याला सोर्स म्हणतो. वाड्यात उजेड चौकातून, वरून येतो. माजघरात तो फक्त दारातून शिरतो, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी अंधारात. आई उठून आत गेली तर तिच्यावरचा उजेड कमी व्हायला हवा. होतो का? आणि खरी गोम चौकातल्या कवडशात असते. दुपारी तो बघता बघता सरकतो. मास्टर शॉट (सगळा प्रसंग लांबून) दुपारी एकला घेतला आणि मुलीचा क्लोज (जवळून चेहरा) तीनला, तर मास्टरमध्ये पायरीवर असलेला कवडसा क्लोजमध्ये भिंतीवर गेलेला असतो. पब्लिकला कळत नाही, नुसतं काहीतरी खटकतं. ज्याने तो धरून ठेवला, थर्माकोलवरून उजेड परतवून म्हणा, पडदा लावून म्हणा, नाहीतर वेळ साधून म्हणा, त्याने काम केलं.

यावरून सत्यजित राय यांचे कॅमेरामन सुब्रत मित्र आठवले. राय यांच्या 'अपराजितो'तलं (१९५६) बनारसचं घर म्हणजे कलकत्त्यात स्टुडिओत बांधलेला सेट. चौकातला उजेड खरा वाटावा म्हणून त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून उजेड खाली उतरवला. सावल्या मऊ पडल्या. आज कुठल्याही सेटवर असा परतवलेला उजेड, म्हणजे बाउन्स, मारतात, तेव्हा हे नवं होतं. त्या माणसाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो थेट ऐंशीच्या दशकात, 'न्यू दिल्ली टाइम्स'साठी. बक्षिसांचं हे असंच.

महोत्सवांचं म्हणाल तर सगळीकडे हे बक्षीस असतंच असं नाही. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य ज्युरीच्या बक्षिसांत छायाचित्रणाचा वेगळा मानच नाही. तिथे २०१३ पासून कॅमेरामनसाठी 'पिएर आंजेन्यू' सन्मान वेगळा देतात, २०२४ला तो आपले कॅमेरामन संतोष सिवन यांना मिळाला. पोलंडमध्ये 'कॅमेरिमाज' म्हणून महोत्सव आहे, १९९३ला सुरू झालेला. तो मुळात कॅमेरामन लोकांचाच, आणि बक्षीस काय, तर सोनेरी बेडूक! आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत हे बक्षीस १९६७च्या चित्रपटांपासून. सुरुवातीला कृष्णधवल आणि रंगीत अशी दोन द्यायचे, कारण दोन्हींचं लायटिंगच वेगळं. फाळके पुरस्कार मिळालेले पहिले कॅमेरामन व्ही. के. मूर्ती, तेही २००८ सालच्या पुरस्कारात.

आता नाशिककर म्हणून एक सांगतो. फाळके त्र्यंबकचे हे शाळेतल्या पोरालाही माहीत. 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग किती जणांना माहीत आहेत? फाळके स्मारकात फिरायला येणाऱ्या कुणालाही विचारून बघा.

फोकस_गेला_की

लाइटमन काकांशी सहमत, पण एक उलट मुद्दा. मोबाइलवर काढली, वाड्यात काढली म्हणून झुकतं माप देऊ नका. बऱ्याच मोबाइल फिल्मांत एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, फोन ठरवतो. माणूस खिडकीपासून हलला की चेहरा आपोआप उजळतो, मग काळवंडतो. तो निर्णय कंपनीच्या सॉफ्टवेअरचा, त्याला कसलं बक्षीस? दाराजवळचे शॉट त्यासाठी बघा.

आणि ड्रोनलाही सरसकट नावं ठेवू नका. वरून बघण्याचं गोष्टीत काही कारण असेल तर तेही छायाचित्रणच. अंजनेरीवर ढगांची वाट बघत ताटकळणं सोपं नाही, मी केलंय.

कॉलेजरोड_स्टुडिओ

दोघांचेही आभार. रात्री स्टुडिओ बंद केल्यावर मोठ्या स्क्रीनवर दोन्ही फिल्म आवाज बंद करून पाहिल्या.

मुलगी पिशवी घेऊन माजघराच्या दारात येते. मागचा चौक पांढराफट्ट, तिचा चेहरा अंधारात, आणि तो पूर्ण शॉटभर अंधारातच राहतो. फोनने एकदाही उजळलेला नाही, म्हणजे एक्स्पोजर लॉक होतं. आई बोलते तेव्हा मुलीचे डोळे दिसत नाहीत, नुसती कानातली रिंग चमकते. हे ठरवूनच केलेलं आहे. कवडसा मात्र एका जागी उडी मारतो: जेवणाच्या शॉटमध्ये ताटाशेजारी आहे, पुढच्याच क्लोजमध्ये गायब. ड्रोनवाल्या फिल्ममध्ये गोष्ट शेतकऱ्याची आहे आणि त्याचा चेहरा नीट दिसतो तो थेट शेवटी, तोही सूर्याकडे पाठ करून, सपाट. हे मी दोन्ही परीक्षकांना शॉट थांबवून दाखवलं. एक जण वळला, दुसरे अजून ढगातच आहेत, पण दोनास एक झालं.

आता नवीन भानगड. वाड्याच्या फिल्ममध्ये छायाचित्रण म्हणून दोन मुलींची नावं आहेत आणि ट्रॉफी एकच बनवलीय. आयोजक म्हणतात, एकीचंच नाव द्या.

लाइटमन_नाशिकरोड

अजिबात ऐकू नका. एकीने फोन धरला असेल आणि दुसरीने थर्माकोल, तर निम्मं काम थर्माकोलवालीचं. दोन्ही नावं कोरायला सांगा, आणि दुसऱ्या ट्रॉफीचे पैसे आयोजकांकडे नसतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.