सदाशिव पेठेत दोन महिन्यांसाठी भाड्याचे घर

प्रश्न (नागपूरचा वाचक)
भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद वाचण्यासाठी ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने पुण्यात मुक्काम करायचा आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई असेल. गाडी आणणार नाही, त्यामुळे मंडळ, भाजी, औषधे आणि एखादे नाटक हे सारे पायी जमेल असे, स्वयंपाकघर असलेले घर हवे. सदाशिव पेठ पाहावी की डेक्कन? आणि दोन महिन्यांसाठी करार नोंदवण्याची गरज नाही, असे एजंट म्हणतो. ते बरोबर आहे का?

उत्तर (पेठवासी)
पेरूगेट ते भरत नाट्य मंदिर या पट्ट्यात पाहा. मंडळ नाट्य मंदिराला लागूनच आहे आणि बाजीराव रस्ता ओलांडला की तुळशीबाग आणि मंडई. अडचण अशी की स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे येथील बहुतेक जागा कॉट बेसिसवर (घर नव्हे, खोलीतली एकेक खाट भाड्याने) जातात, म्हणून ‘कुटुंबासाठी पूर्ण घर’ असे पहिल्याच फोनवर सांगावे. एजंट ‘पहिलाच मजला आहे’ म्हणाला तरी जिना स्वतः पाहावा. जुन्या वाड्यांचे जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि कठडा असेलच असे नाही. आपला मुक्काम भाद्रपदात पडतो. विसर्जन मिरवणुका लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर या रस्त्यांवरून जातात आणि दुसऱ्या दिवशीही चालू असतात, तेव्हा निजायची खोली मागच्या अंगाला असलेलीच बरी. नळाला पाणी किती वाजता येते, हेही विचारून ठेवा.

उत्तर (नदीपलीकडचा)
पेठेत अंतर कमी आहे हे मान्य, पण पदपथावर दुचाक्या लावलेल्या असल्याने वयस्कर माणसाला पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागते. डेक्कनकडच्या जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद आहेत, संभाजी उद्यान आणि बालगंधर्व रंगमंदिरही त्याच रस्त्यावर आहे. भाडे जास्त पडेल आणि आपल्याला मंडळापर्यंत रोज लकडी पुलावरून चालावे लागेल. भिडे पुलाच्या भरवशावर मात्र राहू नका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो. मंडळात रोज आपण जाणार, पण दिवसभर घरी आणि आसपास आई असणार, हे लक्षात घेऊन ठरवावे, असे मला वाटते.

उत्तर (दस्तलेखक)
एजंटाचे म्हणणे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (मुदतीपुरते घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. मुदत दोन महिन्यांची असली तरी सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा नोंदणीचा आग्रह खरे तर मालकानेच धरायला हवा. खर्चही मोठा नाही. एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्का मुद्रांक शुल्क लागते. महिना २५,००० रुपये भाडे आणि ५०,००० अनामत धरली तरी ते दीडशे रुपयांच्या आत राहते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी दोन्ही पक्षांचे आधार लागते. एजंट त्यावर स्वतःची फी लावतात, ती आधी ठरवून घ्या. अनामत घर सोडताना त्याच दिवशी परत मिळेल, हे वाक्य करारात घालून घ्यावे. दोन महिन्यांच्या भाडेकरूला पुढच्या महिन्यात अनामतीसाठी नागपूरहून खेटे घालणे परवडत नाही.